आधी बाहेर, मंग आत

पोट्टा झाला तर पाच रुपये अन् पोट्टी झाली तर एक. हा भाव कुठं लिहून नोता, पण नागपूरच्या महाल भागातल्या त्या जचकीच्या दवाखान्यात तो सगळ्याइले पाठ होता. दोघी पोट्ट्याइच्या पाठीवर पोट्टा झाला तर दहा मागाचे, वरून पोलक्याचं कापड. दुसरी पोट्टी झाली तर आठ आणे, तेही देणारा दुसरीकडं पाहून देणार. तिसरी झाली तर पैशाचा शब्द काढाचा नाही, 'लक्ष्मी आली बाप्पा' म्हणाचं अन् मुकाट्यानं कपडे धुवाले बसाचं. पहिल्या आंघोळीचे वेगळे. घरी जातानी बाळंतिणीले हात धरून रिक्षात बसवलं त्याचे वेगळे. वार पुरणाऱ्या बुढ्याचे चार आणे मात्र कोणी बुडवत नसे, कंजूसातला कंजूसही नाही. त्यानं वार खोल पुरली नाही अन् कुत्र्यानं उकरली तर पोराले लागते, अशी भीती होती लोकाइले. भीतीचे पैसे लवकर निघते, आनंदाचे उशिरा. आमच्या पैशाले आम्ही खुशी म्हणो.

आता माही नात मले हॉटेलात नेते. जेवण झालं की काळ्या पुस्तकात बिल येते. ती मले हळूच इचारते, "आजी, ह्या पोराले किती ठेवू वं?" मी म्हणतो, "त्याच्या पायातली चप्पल पाह्य अन् ठेव." तिले वाटते आजी गंमत करून राहिली. मी गंमत करत नाही. चप्पल पाहाले मले मायनं शिकवलं, फक्त तवा आम्ही घेणारे होतो म्हणून देणाऱ्याची पाहो.

आमचं घर नाल्याच्या काठाले. मातीच्या भिंती, वरती कवेलू. बाबा कापडाच्या गिरणीत बदलीवर होते. म्हणजे सकाळी भोंगा झाला की फाटकापाशी जाऊन उभं राहाचं. कोणी कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत घेत, नाहीतर वापस. हप्त्यातले तीन-चार दिवस वापसच येत. ते आले की मायनं तोंडाकडं पाहाचंही काम नसे, दाराबाहेर ते घडीभर उभे राहिले की समजाचं आज काम नाही भेटलं. काम भेटलेला माणूस सांजच्याले येते, अन् सरळ आत येते. सकाळी आम्ही ज्वारीच्या कण्या खावो. सांजच्याले भाकर, लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण अन् मिरचीचा ठेचा. माह्यापेक्षा लहान दोघं भाऊ होते, ते वरणातली डाळ बोटानं शोधत. कधी माय दवाखान्यातून बाळंतिणीचा उरलेला तूप-भात पदराखाली झाकून आणे. त्या भाताले फिनाईलचा वास ये. आजही तूप-भात वाढला अन् तो वास आला नाही की मले काहीतरी राहून गेल्यासारखं वाटते.

माय त्या दवाखान्यात आया होती, पगार महिन्याचे तीस रुपये. त्यात किराया अन् धान्य. मीठ, तेल, घासलेट, दवाई हे सगळं खुशीवर. बाबाले खुशी हा शब्द आवडत नसे. आमच्या लोकाइनं दीक्षा घेतली तवा बाबा जवान होते, त्या गर्दीत उभे होते. जेवता जेवता ते म्हणत, "शिळं मागणं सोडलं, हात पसरणं सोडलं. अन् तू लोकाइसमोर पदर पसरते."

माय म्हणे, "भीक सगळ्याइले सारखी भेटते. याचा भाव आहे. ज्याचा भाव असते ते भीक नसते."

"मंग पोट्टीचा भाव कमी काहून?"

"ते मले नका इचारू. ते देणाऱ्याइले इचारा."

बाबा मंग खाली मान घालून जेवत. ताटातलं मीठ त्याच पैशाचं होतं.

माय कामात पक्की होती. जचकीच्या खोलीबाहेर बाकड्यावर कोण बसलं आहे हे ती येता-जाता पाहून ठेवे. म्हणे, पायात धुळीनं भरलेली चामड्याची वहाण असली तर खेड्यातला माणूस, तो मोकळ्या हातानं देईन. महालातला दुकानदार असला तर आधी घासाघीस करन, मंग देईन. मास्तर असला तर आठ आणे देईन अन् स्वच्छतेवर दोन गोष्टी सांगन. अन् एक गोष्ट तिनं मले अशी शिकवली की झोपेतून उठवून इचारली असती तरी मी सांगतली असती: पोर पुसलं, गुंडाळलं की आधी बाहेर न्याचं. बाळंतिणीले नंतर. बाहेरच्याइले पोर दाखवाचं, पण हातात द्याचं नाही. पैसे पदरात पडले की मंगच द्याचं. "एकदा त्याइच्या हातात पोर गेलं की तुह्याकडं कोणी पाहत नाही वं. सगळे पोराच्या तोंडात तोंड घालते. अन् पोट्टी असली तर अजूनच सोडू नको. पोट्टी झाली म्हटलं की लोक चहा प्याले जाते अन् तिकडूनच गायब होते." बाळंतिणीले दहा मिनिटं उशीर झाला तर काय होते, ती कुठं जाते, असं सगळ्या आयाइचं म्हणणं होतं. बाईही काही म्हणत नसत. बाई म्हणजे आमची डॉक्टरीण. त्याइले ठाऊक होतं की तीस रुपयात कोणाचं घर चालत नाही. आमचा उरलेला पगार त्याइनं असा बाहेरच्याइवर सोडून देल्ला होता.

त्या उन्हाळ्यात अवजारं उकळाचं भगोनं मायच्या पायावर उलटलं. घोट्यापासून बोटापर्यंत पाय सोलून निघाला. बाईनं मलम लावून देल्ला अन् सांगतलं, "जागा रिकामी ठेवता येणार नाही. बरी होईपर्यंत मुलीला पाठव. नाहीतर मला दुसरी बघावी लागेल." मी सोळा वर्षाची. चौथीत शाळा सुटली होती, भावाइले सांभाळाले. दुसऱ्या दिवशी मायचं पांढरं लुगडं कमरेले दोन येढे जास्तीचे खोचून मी महालात गेली.

तिथं सखूमावशी जुनी आया होती. अंगानं जाड, जिभेनं तिखट. खुशीचे पैसे सगळ्याइचे मिळून एका बिस्कुटाच्या डब्यात टाकत. सांजच्याले त्याचे तीन वाटे होत: एक मावशीचा, एक मायचा, एक झाडूवाल्या गंगीचा. पहिल्याच दिवशी मावशीनं मले डब्बा दाखवला. "हा पाहून ठेव. तू पोर घेऊन बाहेर गेली अन् खाली हातानं आली, तर मी समजीन का पैसे तुह्या कमरेले आहेत. तुह्या मायनं असं कधी केलं नाही. तिचं नाव घालवू नको." मी घालवलं नाही. पहिल्या पंधरा दिवसात एकही पोर मी फुकट हातात देल्लं नाही. मावशी खूश होती. म्हणे, "मायच्या पोटातूनच शिकून आली वं हे."

मंग पुष्पा आली.

नरखेडकडच्या एका गावची. घरी संत्र्याचा बगीचा. एसटीनं नागपूरले, अन् स्टँडावरून सायकल-रिक्षानं दवाखान्यात. संगं सासू अन् नवरा. पुष्पा असन एकोणीस-वीसची, माह्यापेक्षा तीन-चार वर्षानं मोठी. हे दुसरं बाळंतपण. सकाळी आठले तिले टेबलावर घेतलं, अन् दुपारच्या एकपर्यंत कळा येत राहिल्या. बाहेर ऊन असं की गल्लीतले कुत्रे नालीत बसले होते. मी तिच्या उशापाशी पुठ्ठ्यानं वारा घालून राहिली होती. कळ आली की ती माह्यं मनगट धरे, गेली की सोडून दे अन् गोष्टी करे. तिची पहिली पोट्टी तीन वर्षाची, तिले मायच्या घरी ठेवून आली होती. त्या पोट्टीच्या वेळी आठवा दिवस होईपर्यंत सासूनं पोर जवळ ठेवू देल्लं नोतं, फक्त पाजाले आणून दे.

"काय नाव तुह्यं?"

"वच्छला."

"वच्छे, एक काम करशीन का वं माह्यं? पोर झालं की आधी मले दाखव. बाहेर मंग ने. एकदा बाहेर गेलं की ते माह्यं राहत नाही."

मी म्हटलं, "हाव."

"पोट्टी असली तरी दाखव."

"हाव वं बाई. पोट्टी असली तरी."

तिनं हासून पाहिलं. समोरच्या दाताले थोडी फट होती.

दीडच्या सुमारास पोट्टी झाली. जरा वेळानं रडली, पण चांगली रडली. बाईनं नाळ कापली अन् पोर माह्या हातात देल्लं. पुष्पानं मान उचलून इचारलं, "काय झालं?" बाई म्हणाल्या, "मुलगी. छान आहे. पडून राहा, अजून वार यायची आहे." मी पोर पुसलं. घरून आणलेल्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं. टेबल माह्यापासून दोन पावलावर होतं. मावशीनं हनवटीनं दार दाखवलं. "जा लवकर. म्हातारी उठून उभी राहिली आहे. निघून जाईन." पुष्पा म्हणाली, "दाखव ना वं." मी म्हटलं, "आली. दोन मिनिटं." अन् मी दाराबाहेर गेली.

मी विसरली होती, असं सांगता आलं असतं तर बरं होतं. मी विसरली नोती. हाव म्हटलेलं डोक्यात होतं. पण आदल्या दिवशीच मायचा मलम संपला होता, त्याची डबी दीड रुपयाले भेटे, अन् त्या हप्त्यात बाबा दोनच दिवस आत गेले होते. अन् मले वाटलं, दोन मिनिटानं काय होते, ती कुठं जाते.

बाहेर सासू उभी होती, हातात पिशवी. नवरा, रामदास त्याचं नाव, भिंतीले टेकला होता.

मी म्हटलं, "पोट्टी झाली. गोरीपान आहे."

सासूनं पोराकडं पाहिलंच नाही. "अजून एक," म्हणाली. "रामदास, चाल गा, मले भोवळ येऊन राहिली. काही खाऊन येऊ."

मी दारातच उभी. "बाई, खुशी द्या ना."

"कायची खुशी वं? दुसरी पोट्टी होय हे."

"पोट्टी झाली तरी आम्ही राबलो ना सकाळपासून."

नवऱ्यानं खिशातून दहाची नोट काढली. भला माणूस होता. पोराचं तोंड पाहाले मान लांब करून राहिला होता. सासूनं त्याचा हात धरला. "पोट्टीचे दहा देत राहतेत का? पागल झाला का गा? चिल्लर आण."

"चिल्लर कुठं भेटन आता? दुकानं बंद आहेत."

"चौकात पानठेला असन. पाह्य जाऊन."

तो गेला. त्या उन्हात डोक्याले रुमाल बांधून गेला. सासू पुन्हा बाकड्यावर बसली. मी पोर घेऊन उभी राहिली. मी आत जाऊ शकत होती. पण मी आत गेली अन् ती म्हातारी उठून चालली गेली, तर? खाली हातानं मावशीसमोर जाणं मले त्या वेळी लय मोठं वाटून राहिलं होतं. आज सांगतानी ते काहीच नोतं, पण तवा होतं.

आतून मावशीनं हाक मारली, "वच्छे, बाळंतीण पोर मागून राहिली वं."

"आली मावशी. चिल्लर आणाले गेले ते."

"मंग थांब," मावशी म्हणाली.

पोट्टीनं डोळे उघडले होते. नवीन पोराले दिसत नाही म्हणतात, पण ती माह्याकडंच पाहून राहिली होती. फडक्यातून एक हात बाहेर काढला होता. मी तो आत घातला, तिनं पुन्हा काढला. किती वेळ गेला ते मले सांगता येत नाही. पंधरा मिनिटं असन. पुन्हा आतून आवाज आला, पुष्पाचा, हळू. "वच्छे." एवढंच. मी ओरडून म्हटलं, "आली वं, आली." त्याच्यानंतर तिनं हाक नाही मारली. मंग बालटी सरकवल्याचा आवाज आला, बाईचा आवाज चढला, "बर्फ आण, बर्फ! अन् मोठ्या दवाखान्याच्या गाडीला निरोप दे!" मावशी दारातून माह्या अंगावरून धावत गेली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते.

तवा मी आत गेली. टेबलाखाली फरशी दिसत नोती. बाई दोन्ही हातानं पोट दाबून राहिल्या होत्या, त्याइच्या कपाळाचा घाम नाकावर येत होता. पुष्पाचं तोंड भिंतीकडं होतं. मी पोर उचलून वरती धरलं. म्हटलं, "पुष्पाबाई, पाह्य, आणली." तिनं मान फिरवली नाही. बाई म्हणाल्या, "बाहेर हो." मी झाली.

गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. वार आत अडकली होती. बाई हात धुतानी मले म्हणाल्या, "तू आत असतीस तरी काही फरक पडला नसता." त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नोत्या. जीव वाचला नसता हे मलेही समजत होतं. पण तिनं माह्यापाशी जीव मागितलाच कुठं होता?

रामदास परत आला तवा त्याच्या मुठीत चिल्लर होती. मले वाटते त्याले कोणी सांगाचं कामच पडलं नाही, मावशीले पाहूनच समजला. तो खाली बसला अन् चिल्लर फरशीवर पडली. सासूनं ती गोळा केली. एक एक नाणं वेचलं, अन् पदराच्या टोकाले बांधलं. मले तवा तिचा राग आला होता. आता नाही येत. हाताले काहीतरी काम पाहिजे असते अशा वेळी.

सांजच्याले त्याइनं एक जीप आणली. पुष्पाले मागं ठेवलं. म्हातारीनं माह्या हातातून पोर घेतलं, पहिल्यांदा. घेतलं अन् त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मंग झाकलं. जीपमधी चढता चढता थांबली. गाठ सोडली अन् दोन रुपये माह्यासमोर धरले.

"घे. तुही खुशी राहून गेली होती."

मी हात मागं घेतला. "नको बाई. मले नको."

"नको म्हणू नको वं," म्हातारी म्हणाली. आवाजात दुपारचा तोरा नोता. "बाळंतीण गेली. तिच्या नावाचं कोणाचं देणं राहिलं तर ते अडकते. तिले मोकळी होऊ दे. घे."

काय कराचं मी? मी घेतले. पदर पसरला अन् घेतले.

मावशीनं त्या दिवशीही डब्बा उघडला. तीन वाटे केले. गंगीनं आपला वाटा घेऊन कपाळाले लावला. माह्या वाट्याले दहा आणे अन् वरती काही पैसे आले. त्यात मलमाची डबी येत नोती, म्हणून मी हळद अन् खोबऱ्याचं तेल घेऊन घरी गेली.

माय खाटेवर पाय वरती करून पडली होती. मी तिच्या पायाले हळद लावता लावता सगळं सांगतलं. हाव म्हटलं होतं तेही सांगतलं. ती कवेलूकडं पाहत ऐकत राहिली. बाबा दारापाशी बसले होते, तेही ऐकून राहिले होते. माह्यं सांगून झालं. मले वाटलं ती मले मारन, नाहीतर जवळ घेईन. मंग तिनं इचारलं,

"अन् देल्ले त्याइनं?"

"देल्ले."

"किती?"

"दोन."

माय म्हणाली, "पोट्टीचे दोन देत नाही कोणी." अन् तिनं कूस बदलली. बाबा उठून बाहेर गेले.

मायचा पाय पुढं नीट झालाच नाही. आत पू धरला, दोन बोटं काढावी लागली, अन् महिन्याभरासाठी गेलेली मी त्या दवाखान्यात एकतीस वर्षं राहिली. माह्यं लग्न झालं, पोरं झाली, बाई म्हाताऱ्या होऊन त्याइची सून डॉक्टरीण झाली, खुशीचे पाचाचे पन्नास अन् पन्नासाचे दोनशे झाले. पोट्टीचा भाव वाढला, पण पोट्ट्याच्या बरोबरीले कधी आला नाही.

पुष्पा गेल्यावर पुढच्या दोन जचक्याइले मी पोर आधी आईले दाखवलं. छातीवर ठेवून देल्लं, दोघी बाळंतिणी रडल्या. बाहेर गेली तवा पहिल्या वेळचे लोक फाटकाशी रिक्षा ठरवून राहिले होते, पोट्टी झाली हे त्याइले गंगीच्या तोंडून समजलं होतं. दुसऱ्या वेळी पोट्टा झाला होता, पण बाईनं स्वतःच बाहेर येऊन सांगतलं, अन् बाईइच्या समोर मागता येत नसे. दोन दिवस डब्यात काही पडलं नाही. मावशी ओरडली नाही. तिनं डब्बा उघडून माह्यासमोर ठेवला अन् आपल्या कामाले लागली. त्या दिवशी आमच्या घरी कण्यात मीठ नोतं. भाऊ जेवले नाहीत.

तिसरी बाई सावनेरकडची होती, कोळशाच्या खाणीतल्या माणसाची बायको. पोट्टी झाली. मी पुसली, गुंडाळली. ती बाई टेबलावरून म्हणाली, "मले दाखव ना वं माय." मी म्हटलं, "आली. दोन मिनिटं," अन् दार उघडून बाहेर गेली.